वाचक विचारतात : लांडगे परत आणले, पुढे काय?

मागच्या अंकात याच पानावर अमेरिकेतल्या लांडग्यांच्या पुनर्वसनाबद्दल थोडंसं लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. निम्मी पत्रं लांडग्याच्या प्रेमात पडलेल्यांची, निम्मी रँचवर गुरं पाळणाऱ्यांची बाजू घेणारी. दोन्हीकडचा आवाज चढलेला. मी जन्मभर गुरांवर उपचार करत आले. वन्यजीव हा माझा वाचनाचा आणि कुतूहलाचा विषय. त्यामुळे उत्तर देताना माझी नजर आधी गोठ्याकडे वळते, तेवढी सवलत द्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लांडगे सोडले आणि नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, असा एक व्हिडिओ मी वर्गात दाखवते. मुलं थक्क होतात. तुम्ही मात्र ‘जरा दमानं घ्या’ असं लिहिलंत. का? (एक विज्ञान शिक्षिका)

बाई, व्हिडिओ जरूर दाखवा. फक्त तो संपल्यावर मुलांना बीव्हर हा प्राणी समजावून सांगा. खरी गोम तिथे आहे.

यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले, तेही चोरट्या शिकाऱ्यांकडून नव्हे, सरकारी धोरण म्हणून. मग एल्क वाढले. एल्क म्हणजे हरणांतली थोरली जात, गाईच्या अंगाची. ते इतके माजले की १९६०च्या दशकापर्यंत उद्यानाचे कर्मचारीच त्यांना गोळ्या घालून संख्या आटोक्यात ठेवत. ओढ्याकाठच्या विलो या झुडपांचे कोंब एल्क वर येऊच देईनात. बीव्हर विलो खातो आणि त्याच्याच फांद्यांनी ओढ्यावर बांध घालतो. विलो गेले तसे बीव्हर गेले, जुने बांध फुटले, पाणी सुसाट धावायला लागलं, ओढ्यांचे तळ खोल कापले गेले आणि काठाखालचं भूजल खाली उतरलं.

लांडगे आले ते यानंतर. जानेवारी १९९५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टातून १४ आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियातून १७. आल्या आल्या त्यांना मोकळं सोडलं नाही. साधारण दहा आठवडे कुंपणात ठेवून तिथेच मांस खाऊ घातलं, म्हणजे सुटल्याबरोबर ते घराच्या दिशेने पळणार नाहीत. एल्क घटले आणि काही ओढ्यांवर विलो डोक्यावर गेले. ओरेगनचे संशोधक विल्यम रिपल आणि रॉबर्ट बेश्टा यांनी ते मोजून दाखवलं. लांडग्यांमुळेच ही झाडी परतली, या मतावर ते आजही ठाम आहेत.

पण कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी २००१ पासून तिथेच एक चिकाटीचा प्रयोग चालवला. काही जागी कुंपण घालून एल्कना बाहेर ठेवलं, काही जागी बीव्हरसारखे बांध घातले, काही जागी दोन्ही केलं आणि काही जागा तशाच राहू दिल्या. वीस वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये छापून आला. कुंपण आणि बांध दोन्ही होते तिथे विलो भरभरून वाढले. नुसतं एल्कचं तोंड आवरून तेवढं साधलं नाही, कारण मुळांना पाणीच पोचत नव्हतं. लांडगे परतल्यावर सत्तर वर्षांपूर्वीची झाडी आपोआप परतत नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय ज्या बीव्हरांच्या परतीचं श्रेय लांडग्यांना दिलं जातं, त्यांच्या काही पूर्वजांना उद्यानाच्या उत्तरेच्या जंगलात १९८६ ते १९९९ या काळात माणसांनीच आणून सोडलं होतं. हे त्या व्हिडिओत नाही.

‘लांडग्याच्या भीतीने एल्क ओढ्याकाठी फिरकेनासे झाले’ ही कल्पनाही ऐकायला छान आहे. ठावठिकाणा कळवणारी कॉलर गळ्यात लावलेल्या एल्कच्या नोंदी वेगळं सांगतात. लांडगे मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करतात. ती वेळ टाळून, विशेषतः रात्री, एल्क त्याच धोक्याच्या जागी निवांत चरतात. चरणाऱ्या जनावराला मूर्ख समजणारी माणसं मला नोकरीत पुष्कळ भेटली, म्हणून हा निष्कर्ष वाचून मनातून बरं वाटलं.

मुलांना थक्कच करायचं असेल तर मेलेल्या एल्कची गोष्ट सांगा. पूर्वी जनावरं मरत ती कडक हिवाळ्याच्या शेवटी, एकदम. आता लांडगे वर्षभर थोडी थोडी शिकार करतात आणि त्यावर सगळा गोतावळा जगतो. अस्वलं, गरुड, मॅगपाय पक्षी, किडे, भुंगे. एका शिकारीवर सरासरी २९ डोमकावळे मोजले गेले, आणि एकदा तर १३५. उद्यानातल्या लॅमार खोऱ्यात कायोटींची, म्हणजे लांडग्याच्या धाकट्या भाऊबंदांची, संख्या सुरुवातीच्या वर्षांत निम्म्यावर आली. यावर कुणाचा फारसा वाद नाही.

माझा आग्रह एवढ्यासाठी, की नदी बदलते म्हणून लांडगा हवा असं शिकवलंत, तर उद्या नदी तेवढी बदलली नाही हे कळल्यावर मूल विचारेल, मग लांडगा कशाला? लांडग्यांच्या अभ्यासात उभं आयुष्य घालवलेल्या डेव्हिड मेच यांनी २०१२ मध्येच विचारलं होतं, की आपण शास्त्रज्ञ लांडग्याला संतपद तर देऊन टाकत नाही ना? तो मूळचा तिथला प्राणी आहे आणि आपण त्याला संपवलं होतं. परत आणायला मला एवढं कारण पुरतं.

प्रश्न : माझे जावई मोंटानात असतात. तिथले शिकारी म्हणतात, लांडग्यांनी एल्क संपवले. खरं काय? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

संपवले नाहीत, पण शिकारी हवेतही बोलत नाहीत. यलोस्टोनच्या उत्तरेकडचा कळप लांडगे येण्याआधी सुमारे १९,००० होता, तो २०१३ च्या सुमारास ४,००० च्या आसपास आला. ज्यांचा हंगामी धंदाच शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जाण्याचा, त्यांचं पोट त्यावर होतं. नंतर आकडा काहीसा वर चढला.

मात्र एवढ्या घटीचं सगळं पाप लांडग्यांच्या माथी मारता येत नाही. १९९६-९७ चा हिवाळा भयंकर होता, नंतर दुष्काळ पडला, प्युमा ही मोठी रानमांजरं आपली आपण परतली, अस्वलं वाढली. पाडसांना कॉलर लावून केलेल्या अभ्यासात मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अस्वलांनी मारलेली निघाली, लांडग्यांचा वाटा त्यापेक्षा बराच कमी. आणि बंदुकीची शिकारही चालूच होती. यातला एक तपशील आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना लगेच भिडतो. लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वय १४ च्या आसपास निघालं, शिकाऱ्यांनी मारलेल्यांचं साधारण साडेसहा. चौदा वर्षांची मादी फार तर एखादं वीत देईल. साडेसहा वर्षांची मादी म्हणजे कळपाचा कणा. तुमच्या जावयांना हे सांगून बघा.

प्रश्न : कोलोरॅडोत लांडग्याने जनावर मारलं तर पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळते म्हणे. इतके पैसे मिळत असताना रँचवाल्यांची ओरड कसली? (एक आयटी अभियंता)

हा प्रश्न तीन पत्रांत आला, आणि तिन्ही वेळा विचारणाऱ्याने कधी वासरू पाळलेलं नसावं असं वाटलं. रागावू नका, नीट सांगते.

भरपाईसाठी आधी मढं सापडावं लागतं. उन्हाळ्यात तिथली गुरं हजारो एकरांच्या डोंगराळ कुरणात पांगलेली असतात. वासरू मारलं गेलं की डोमकावळे, अस्वल, कायोटी मिळून एक-दोन दिवसांत त्याचा फडशा पाडतात. मढं मिळालंच तर अधिकारी येऊन ते सोलतो. का सोलतो? जिवंतपणी दात बसले असतील तर कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं. आधीच मेलेल्या जनावराला लांडग्याने खाल्लं असेल तर दातांच्या खुणा असतात, साकळलेलं रक्त नसतं. मी स्वतः कुत्र्यांनी फाडलेल्या शेळ्या अशाच तपासल्या आहेत. जनावर ताजं असेल तर पाच मिनिटांत कळतं, आणि उरलेली हाडंच पुढ्यात आली तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आयडाहोतल्या डोंगराळ, दाट झाडीच्या चराईवर झालेल्या एका अभ्यासात लांडग्याने मारलेलं एक वासरू सापडलं तर आणखी आठपर्यंत न सापडता गेलेली असावीत असा अंदाज निघाला. सगळीकडे हेच प्रमाण असेल असं नाही. पण हिवाळ्याआधी गुरं खाली आणून मोजताना जी वासरं कमी भरतात, त्यांचं मढं कुठून दाखवायचं?

दुसरी गोष्ट, जी जनावरं वाचली त्यांची. मोंटाना विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात, ज्या रँचवर लांडग्याने जनावर मारल्याचं सिद्ध झालं होतं तिथली वासरं विक्रीच्या वेळी सरासरी २२ पौंडांनी, म्हणजे दहा किलोंनी हलकी भरली. शंभर वासरं विकणाऱ्याचा एक टन माल गेला. लांडगे नुसते आसपास वावरत होते पण हल्ला झाला नव्हता, तिथे वजनात असा फरक दिसला नाही. हेही तितकंच महत्त्वाचं, पण भांडताना दोन्ही बाजू आपल्याला हवं तेवढंच वाक्य उचलतात. घाबरलेला कळप एका जागी दाटीने उभा राहतो, नीट चरत नाही, आणि अंगावर चरबी नसलेली गाय वेळेवर गाभण राहत नाही. रँचवाले असंही सांगतात की हल्ला सोसलेल्या गाई राखणीच्या कुत्र्यावरच धावून जातात. अशा कळपाला कुत्र्याकडून हाकणं संपलंच.

कोलोरॅडोचा कायदा या बाबतीत उदार आहे. हरवलेली वासरं, घटलेलं वजन, रिकाम्या राहिलेल्या गाई, सगळ्यासाठी दावा करता येतो. पण त्यासाठी वर्षाला ठेवलेला निधी साडेतीन लाख डॉलरचा, आणि २०२४ या एकाच वर्षासाठी ग्रँड काउंटी या जिल्ह्यातल्या फक्त दोन रँचना मंजूर झालेली रक्कम ३ लाख ४० हजार डॉलरच्या वर गेली.

आता उलट बाजू. अमेरिकेत दरवर्षी जी गुरं मरतात, त्यांत लांडग्यांनी मारलेली एक टक्काही नसतात. गुरं मरतात ती न्यूमोनियाने, वासरांच्या हगवणीने, अडलेल्या वितात, बर्फाच्या वादळात. हे अगदी खरं, आणि लांडग्याचे चाहते ते वारंवार सांगतात. पण तो एक टक्का सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. शेकडो रँचना लांडग्याचं नखही लागत नाही आणि दोन-चार रँच भरडले जातात.

आणि ठरवलं कुणी? नोव्हेंबर २०२० मध्ये कोलोरॅडोत सार्वमत झालं. बाजूने ५०.९ टक्के, विरोधात ४९.१. बाजूची मतं मुख्यतः डेन्व्हर, बोल्डर अशा पूर्वेकडच्या शहरी भागांतली. कायद्यात मात्र लिहिलेलं की लांडगे सोडायचे ते रॉकी पर्वतातल्या पाणलोटाच्या दुभाजकाच्या पश्चिमेला, जिथल्या बहुतेक काउंट्यांनी विरोधात मत दिलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनहून आणलेले दहा सोडले. त्यांतल्या एका जोडीने गुरं मारायला सुरुवात केली, पिल्लं घातली, शेवटी २०२४ मध्ये त्या कुटुंबाला पकडावं लागलं आणि नर लवकरच मेला. जानेवारी २०२५ मध्ये मादी आणि पिल्लांना पुन्हा सोडलं, त्याच सुमाराला ब्रिटिश कोलंबियाहून आणखी १५ आले. ज्यांनी एकदा वासरं मारून पोट भरलं, त्या लांडग्यांना दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडण्याचा निर्णय मला पटलेला नाही. चटक स्थलांतराने जात नाही.

उपाय नाहीत असं नाही. मेलेली गुरं उघड्यावर न टाकता वेळच्या वेळी पुरणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. घोड्यावरून रात्रंदिवस कळपासोबत राहणारे राखणदार, मोठे राखणी कुत्रे, आणि दोरीला ओळीने बांधलेली लाल फडकी. ही फडकी पूर्व युरोपातल्या शिकाऱ्यांची जुनी युक्ती, लांडगा ती ओलांडायला कचरतो. महिना-दोन महिने. मग त्याला कळतं की हे नुसतं कापड आहे. म्हणून वीत चालू असताना लावायची आणि नंतर काढून ठेवायची. हे सगळं करायला माणसं लागतात, आणि त्यांचा पगार भरपाईच्या आकड्यात दिसत नाही.

यलोस्टोनला लांडगे पाहायला येणाऱ्यांमुळे आसपासच्या भागात वर्षाला साडेतीन कोटी डॉलर येतात, असा २००५ च्या सुमाराचा अंदाज होता. पैसा आहेच. तो हॉटेलवाल्याला आणि गाइडला मिळतो, वासरू गमावणाऱ्याला नाही.

आणि ‘स्थानिक लोक’ म्हणजे फक्त रँचवाले असंही समजू नका. १९९५ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने आपल्या वन्यजीव खात्याला लांडग्यांच्या कामात हात घालायलाच बंदी केली, तेव्हा नेझ पर्स या मूलनिवासी जमातीने ते काम अंगावर घेतलं आणि अनेक वर्षं निभावलं. त्यांच्या दृष्टीने हक्काच्या भूमीतून हाकललेला एक शेजारी परत येत होता.

प्रश्न : कॅनडातून आणलेले लांडगे मूळच्यांपेक्षा राक्षसी आहेत आणि ते माणसं खातील, असं वाचलं. भीती वाटते. (अकरावीतला एक विद्यार्थी)

अरे, यलोस्टोनचा प्रौढ नर साधारण पन्नास किलोंचा असतो. मोठा आहे, राक्षस नाही. लांडगा शेकडो किलोमीटर चालून नवा मुलूख शोधतो आणि त्याला देशाची सीमा दिसत नाही. कुणी आणण्याआधीच, १९८६ मध्ये, कॅनडातून चालत आलेल्या लांडग्यांनी मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात पिल्लं घातली होती. इकडचे आणि तिकडचे अशी तोडून वाटणी करता येत नाही.

माणसांचं म्हणशील तर, या शतकात उत्तर अमेरिकेत लांडग्यांनी मारल्याच्या दोन घटना नोंदल्या गेल्या, २००५ मध्ये कॅनडात आणि २०१० मध्ये अलास्कात. यलोस्टोनमध्ये लाखो पर्यटक येतात आणि लांडग्याने कुणावर हल्ला केलेला नाही. पण २००९ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये उद्यानाला प्रत्येकी एक लांडगा ठार करावा लागला, कारण माणसांकडून खायला मिळतं हे त्यांना कळलं होतं आणि ते जवळ यायला लागले होते. धोका तिथे सुरू होतो. बिस्किट टाकणाऱ्या पर्यटकाची भीती बाळग.

प्रश्न : लांडगे स्वतःहून परत येत असतील तर मुद्दाम आणायचे कशाला? आपोआप आले तर भांडणही होणार नाही. (एक गृहिणी)

ताई, पहिल्या वाक्यात दम आहे, दुसऱ्यात नाही.

कोलोरॅडोत खरोखरच तसं घडत होतं. सार्वमताआधीच वायव्य कोपऱ्यात एक कळप दिसला होता, आणि २०२१ मध्ये, अजून एकही लांडगा सोडलेला नसताना, जॅक्सन काउंटीत पिल्लं जन्मली. विरोधकांचा हा चांगला मुद्दा होता. अडचण शेजारच्या वायोमिंगची. त्या राज्याच्या सुमारे ८५ टक्के भागात लांडगा उपद्रवी धरला जातो आणि परवान्याशिवाय, वर्षभर, केव्हाही मारता येतो. उत्तरेकडून येणाऱ्या लांडग्याला तो सगळा पट्टा जिवानिशी पार करावा लागतो. एखादा पोचतो. नर पोचला आणि मादी नाही, तर तिथेच खेळ खलास.

कुठे वाटच नसते. लेक सुपीरियरमधल्या आईल रॉयल बेटावर १९४०च्या दशकाच्या शेवटी लांडगे गोठलेल्या सरोवरावरून चालत गेले. तिथे १९५८ पासून लांडगा आणि मूस हे थोराड हरीण यांचा अभ्यास अखंड चालू आहे. आता बर्फाचा पूल पूर्वीसारखा वारंवार बांधला जात नाही. जवळच्या नात्यात वीण होत होत २०१८ मध्ये दोनच लांडगे उरले, बाप आणि त्याची लेक, आणि त्या दोघांची आईही एकच. मूस दोन हजारांवर गेले आणि कोवळी फर झाडं ओरबाडू लागले. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे न्यावे लागले. तिथे गुरं नाहीत, गाव नाही, त्यामुळे आरडाओरडाही झाला नाही.

भांडणाचं म्हणाल तर युरोप बघा. जर्मनीत लांडगे कुणी आणले नाहीत. पोलंडकडून चालत आले आणि २००० मध्ये पूर्वेकडच्या एका लष्करी सराव क्षेत्रात व्याले. फ्रान्समध्ये १९९२ मध्ये इटलीहून आल्प्स ओलांडून आले. मेंढपाळांचे मोर्चे तरीही निघाले, आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाने लांडग्याच्या संरक्षणाचा दर्जा एक पायरी खाली आणला. फरक इतकाच, की तिथे शिव्या द्यायला ‘आणणारा’ सापडत नाही.

प्रश्न : यांची संख्या अशीच वाढत गेली तर आवरणार कोण? (पत्रावर नाव नाही)

यलोस्टोनमध्ये २००३ साली १७४ लांडगे होते. तो कळस. त्यानंतर आकडा उतरला आणि गेली बरीच वर्षं शंभराच्या अलीकडे-पलीकडे आहे, जरी उद्यानात शिकारीला बंदी आहे. भक्ष्य कमी झालं की कळप एकमेकांच्या हद्दीत शिरतात आणि लांडगेच लांडग्यांना मारतात. उद्यानाबाहेर बंदुका आहेतच. मोंटानाने नियम सैल केल्यावर २०२१-२२ च्या हिवाळ्यात यलोस्टोनचे सुमारे २५ लांडगे हद्दीबाहेर पडून मारले गेले.

बाकीचं काम आजार करतात. १९९९, २००५ आणि २००८ मध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने पिल्लं रांगेने मेली. २००७ मध्ये लूत आली. या लुतीची जन्मकथा आमच्या पेशाला शोभणारी नाही. १९०५ मध्ये मोंटानाने कायदाच केला, की सरकारी पशुवैद्याने लांडगे आणि कायोटी पकडून त्यांना लुतीचे किडे लावायचे आणि परत सोडायचे, म्हणजे कळपच्या कळप संपतील. आज तिथल्या लांडग्यांत दिसणारी लूत त्याच उद्योगातून आलेली असावी असं मानलं जातं. केस गळालेला लांडगा उणे वीस अंशांत रात्रभर किती उष्णता गमावतो, हे संशोधकांनी उष्णता टिपणारे कॅमेरे लावून मोजलं आहे.